पिठीसाखरेतलं च्युइंगम

हिंजवडीच्या कंपनीने अमेरिकेला धाडलं, तेव्हा परतताना मी लेकीसाठी बिनसाखरेचं च्युइंगम आणलं, तेही इतकं की विमान एका बाजूला कललं. जेवणानंतर चघळलं की दात कमी किडतात, म्हणे. पण तिच्या दाढेवरचा काळा ठिपका वाढत वाढत विहिरीएवढा झाला.

नारायण पेठेतल्या दंतवैद्यांनी आत डोकावून विचारलं, "अहो, दात राखताय की ऊस लावलाय?"

"आत्या पिठीसाखरेत घोळवून देते," लेक म्हणाली.

तिला सांभाळायला येणारी, मांजरी गावात ऊसवाल्यांच्या घरात दिलेली माझी बहीण शेजारीच उभी होती. "बिनसाखरेचं लेकराच्या तोंडात कसं घालायचं, दादा?"

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. "ही काढावी लागेल. मागचीही काळवंडतेय."

लेक किंचाळली. तिला गप्प करायला बहीण घाईघाईने पर्समध्ये श्रीखंडाची गोळी शोधू लागली.