मेट्रनच्या जेवणाचा तक्ता

शमीमआपांचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले होते आणि आमची बातम्यांची बैठक सुरू व्हायची होती. शमीमआपा म्हणजे पडेगावात माझ्या आत्याच्या शेजारी राहणाऱ्या. त्या दोनच वाक्यं बोलल्या. "सिस्टर गेल्या, भाऊ. अन् मांजर पलंगाखाली जाऊन बसलीय, निघत नाय." आत्याच्या जाण्याची तयारी सगळ्यांनी दोन महिने आधीपासून केली होती. रुग्णालयाचे कागद, नातेवाइकांचे नंबर, सगळं एका फाइलमध्ये होतं. मांजराचीही तयारी केली होती, आणि ती पक्की झाली आहे असं आम्ही धरून चाललो होतो...

विमलआत्या एकतीस वर्षं कन्नडच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर पडेगावात दोन खोल्या घेऊन राहिली, आणि गल्लीनं तिला तिथंही सिस्टरच म्हटलं. येताना एसटीतून तिनं जे सामान आणलं त्यात झाकणाची एक टोपली होती. टोपलीत तीन वर्षांची करड्या रंगाची मांजर होती. दवाखान्याच्या चादरींच्या खोलीत जन्मलेली ही मांजर रोज सकाळी वॉर्डातल्या एकेका खाटेपाशी थांबून पुढं जायची आणि काम काहीच करायची नाही, म्हणून मुख्य परिचारिकेवरून तिचं नाव मेट्रन पडलं होतं. आता मेट्रन चौदा वर्षांची आहे. तिला आत्याच्या हातानं भरवलेली, उकडून बारीक केलेली कोंबडीची कलेजी लागायची. वाटीत ठेवलेल्या कलेजीकडं ती बघायची आणि मग आत्याकडं बघायची.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आत्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट तिनं स्वतः वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "हिला कोरड्याची सवय लावायला पाहिजे." मला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. "माझ्या हातचंच खाते ही. उद्या तू ठेवलं, शमीमनं ठेवलं, कुणीबी ठेवून गेलं तरी खाल्लं पाहिजे. कुणाच्या गळ्यात नको पडायला." त्यानंतर औषधोपचारांबद्दल ती डॉक्टरांशी जेवढं बोलली, त्याहून जास्त या विषयावर माझ्याशी बोलली.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेट्रनचं तोंड उघडून पाहिलं. सहा दात शिल्लक होते. कोरडा दाणा चालेल, पण बारीक हवा, वयस्क मांजरांसाठीचा हवा, पाणी भरपूर पाहिजे आणि दोन दिवसांच्या वर उपाशी ठेवायचं नाही, कारण मग यकृत बिघडतं, असं त्यांनी सांगितलं. सिडकोतल्या दुकानदारानं चार प्रकार सुटे बांधून दिले. कोंबडीचा गोल दाणा, भातमिश्रित चपटा दाणा, डॉक्टरी म्हणून वेगळा ठेवलेला एक, आणि मासळीच्या वासाचा तिकोनी. "सर, आमच्या घरची मांजर तर शेवेसारखं खाते," तो म्हणाला. आत्यानं वहीत रकाने आखले. वॉर्डात रुग्णाच्या खाटेला तक्ता असतो तसाच तक्ता... तारीख, वेळ, प्रकार, किती दाणे खाल्ले, किती पाणी प्यायली. मी त्यात "शेरा" असा एक रकाना सुचवला. चारही प्रकार एकेक आठवडा द्यायचे, संध्याकाळी थोडी कलेजी चालू ठेवायची आणि आकडे सांगतील ते खाणं कायम करायचं, असं ठरलं. परिचारिका आणि उपसंपादक, दोघांनाही ही पद्धत निर्दोष वाटली.

पहिल्या तीन आठवड्यांचा तक्ता जवळजवळ रिकामा आहे. तीन दाणे, शून्य, पाच, शून्य. एक दिवस मेट्रननं वाटी पंजानं ढकलत दारापर्यंत नेली. ते मी शेऱ्यात लिहिलं. शमीमआपा रोज डोकावायच्या. "सिस्टर, आमच्या घरात सासूचे इतके नखरे नाय चालले." पलंगावरून आत्या म्हणाली, "तुझ्या सासूला दात होते." या काळात आत्याला दर आठवड्याला सलाइनमधून औषध दिलं जात होतं आणि ती फारशी उठत नव्हती. चौथ्या आठवड्यात औषध थांबवलं. डॉक्टरांना त्यातून काही साधेल असं वाटत नव्हतं. पण औषध थांबल्यावर तिला जरा बरं वाटू लागलं. त्याच आठवड्यात तिकोनी दाणा सुरू झाला, आणि मेट्रननं खाल्लं. पहिल्या दिवशी अठरा, मग एकतीस, मग चाळीस. आत्यानं संध्याकाळची कलेजी बंद केली, तरी आकडा उतरला नाही. "मासळीच पाहिजे होती बाईला," ती म्हणाली. त्या आठवड्यात ती दोनदा हसल्याचं मला आठवतं. मी मोठी पिशवी आणली. आठच दिवसांत आत्याला रुग्णालयात भरती करावं लागलं. चार दिवसांनी ती तिथंच गेली.

ते चार दिवस मेट्रन शमीमआपांकडं होती. तिथं ती कमी खात होती. नवीन जागा म्हणून असेल, असं आम्ही म्हटलं. आत्या गेल्याच्या सकाळी रुग्णालयाचा निरोप आधी शमीमआपांना आला, त्यांनी आत्याचं घर उघडलं, आणि दार उघडं पाहून मेट्रन घरात शिरली आणि पलंगाखाली बसली. मी तिकोनी दाणे ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, दाणे तसेच होते. मऊ पडले म्हणून बदलले, नवीनही तसेच राहिले. कलेजी उकडून हातावर धरली. तिनं हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. डॉक्टरांनी सुईशिवायच्या सिरिंजमधून पातळ खाणं द्यायला सांगितलं. शमीमआपांनी तिला टॉवेलमध्ये धरलं, मी भरवलं. निम्मं टॉवेलवर गेलं. चौदा वर्षांचं जनावर हातात इतकं हलकं लागेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी टॉवेल धुताना शमीमआपा म्हणाल्या, "तुम्ही वाटी ठेवता अन् निघून जाता, भाऊ. सिस्टर तर तिथंच बसायच्या ना."

मी वही काढली. तक्त्यात दोन हस्ताक्षरं होती. पहिले तीन आठवडे माझं, कारण आत्या पलंगावर पडून होती. मी सकाळी वाटी ठेवायचो, कामावर जायचो, रात्री परतताना उरलेले दाणे मोजून लिहायचो. चौथ्या आठवड्यापासून अक्षर आत्याचं होतं. ती पाटावर वाटीशेजारी बसून दाणे मोजत होती. जिथं तिचं अक्षर तिथं मांजर जेवलेली, जिथं माझं तिथं नाही. याला एकही दिवस अपवाद नव्हता. मासळी, कोंबडी, भात, यांचा संबंध नव्हता. वॉर्डाच्या तक्त्यात परिचारिका स्वतःची नोंद करत नाही. बातमीत बातमीदार नसतो. आम्ही दोघांनी आयुष्यभर स्वतःची नोंद टाळली, आणि वाटीशेजारी कोण बसलं एवढंच मोजायचं राहिलं होतं.

त्या दिवशी मी वाटीत मुद्दाम पहिल्या आठवड्यात नाकारलेला कोंबडीचा गोल दाणा घातला आणि बसलो. तासभर काही झालं नाही. संध्याकाळी शमीमआपा मेथीची जुडी घेऊन आल्या आणि पाटावर बसून निवडू लागल्या. जुडी अर्धी झाली तेव्हा मेट्रन बाहेर आली, त्यांच्या साडीला पाठ लावून बसली आणि खाल्लं. नऊ दाणे. शमीमआपा माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "बोलू नका."

याला आता सहा आठवडे झाले. सकाळी मी बसतो, संध्याकाळी त्या. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, ते थांबलं आहे. मेट्रन माझ्या घरी नेली तर पुन्हा पलंग शोधत फिरते. मी उठलो की ती खाणं थांबवते, म्हणून फोन वाजला तरी उठत नाही. डॉक्टर म्हणतात, वजन उतरतंच आहे, पण चालू द्या. आत्याला हिला कुणाच्या गळ्यात बांधायचं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट तिनं मागितली होती, आणि ती आम्हाला करता आली नाही.

वहीत नसलेली आणखी एक गोष्ट इथं लिहायला हवी. पहिल्या तीन आठवड्यांत मी सकाळी पडेगावला दोन जेवणं घेऊन जायचो. एक मेट्रनचं. दुसरं आत्याचं... मऊ खिचडीचा डबा. तो तिच्या उशाशी स्टुलावर ठेवून, "खाऊन घे" म्हणून मी ड्युटीला निघायचो. रात्री उरलेले दाणे मोजून झाले की डबा उचलायचो. तो भरलेलाच असायचा. या आजारात भूक मरते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेच कारण असेल. तपासून पाहायला आता काही साधन नाही.