गोलपोस्टमागच्या खुर्च्या

अंतिम सामना आम्ही हरलो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी हळहळायला नको. पण त्या गोलकीपरला बाहेर बसवलं असतं तर चषक सोलापुरात आला असता असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी रोज सकाळी सातला मैदानावर असते.

आम्ही तिघं जुने हॉकीवेडे. एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका, तरुणपणी हाफबॅक खेळलेले. दुसरे शहराच्या पूर्व भागातले मामा, टॉवेलच्या कारखान्याचे मालक. घरी तेलुगू बोलतात आणि मैदानावर चिडले की तिथंही तेलुगूच. तिसरी मी, निवृत्त शिक्षिका, कॉलेजात गोलकीपर होते. प्रेक्षकांत बसणं आम्हाला जमत नाही. आपल्या गोलपोस्टच्या मागं, जाळीपासून दहा पावलांवर, प्लास्टिकच्या तीन खुर्च्या टाकायच्या आणि सामनाभर ओरडायचं, हा आमचा रिवाज. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा आम्हीही खुर्च्या डोक्यावर घेऊन, उन्हातून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागं जातो. लोक हसतात. हसू देत.

यंदाचा मुलींचा संघ अगदी कोवळा, सगळ्यात मोठी मुलगी सतरा वर्षांची. स्पर्धा राज्याची आणि ती आमच्याच मैदानावर. गोलकीपर मंद्रूपची, सोळा वर्षांची, बुटकी. पहाटेच्या एसटीनं यायची. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि मैदानात तोंडाला कुलूप. काकांचा आक्षेप तोच होता. गोलकीपर सतत बोलती हवी, बचावाच्या पोरींना तिनं हलवलं पाहिजे, ही तर नुसती बघत उभी राहते. त्यात उंची नाही, आणि पुण्याच्या मुली टर्फवर खेळून आलेल्या. मामा म्हणायचे, आतापर्यंत एकही गोल खाल्ला नाही पोरीनं, आता काय तिनं झाडावर चढून दाखवावं तुम्हाला? मी सांगून टाकलं होतं की यंदा चषक आपलाच. तुम्ही गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात, असं काकांनी ऐकवलं. म्हटलं, पुढच्या वर्षीही म्हणेन.

उपांत्य सामन्यात आम्ही दोन-शून्यनं पुढं होतो. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली होती. एक लांब चेंडू आमच्या डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात आला आणि त्यांची फॉरवर्ड एकटीच त्याच्यामागं सुटली. आमची बॅक तिरपी धावत तिला गाठतच होती. गोलकीपर रेषेवर उभी होती आणि तिनं तिथंच उभं राहायला हवं होतं, हे आज मी शांतपणे सांगू शकते. तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "होरग बा!"

बाहेर ये. माझं माहेर अक्कलकोटकडचं. घाबरले की माझ्या तोंडी आईची कन्नड येते. आम्ही मराठीत आणि तेलुगूत सामनाभर जो गोंधळ घालतो, तो ती पोर कानावरच घेत नाही, हे मला माहीत होतं. पण पाठीमागून बाईमाणसाच्या आवाजात घरची हाक आली, आणि आईनं बोलावल्यावर हातातलं टाकून जावं तशी ती निघाली. ती आणि बॅक एकमेकींवर आदळल्या, चेंडू मोकळा सुटला आणि त्या फॉरवर्डनं तो आरामात आत ढकलला.

सामना आम्ही दोन-एकनं जिंकलो. तरी चहाच्या टपरीवर विषय त्या एका गोलाचाच. काका म्हणाले, बघा, मी सांगत होतो, फायनलला ही नको. मामांनीही मान डोलावली. मग काका माझ्याकडं वळले. तुम्ही स्वतः गोलकीपर होतात, तुम्हीच सांगा. आणि मी म्हणाले, "अंदाज चुकला पोरीचा."

हे मी म्हणाले. त्या दोघांना कन्नड येत नाही. मी काय ओरडले हे अख्ख्या मैदानावर आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. ती कुणाला बोलली नव्हती, आणि मी तर चक्क खोटं बोलून मोकळी झाले होते. तीस वर्षं पोरांचे कान पिळून चूक कबूल करायला लावणारी बाई मी. लाज वाटलीच, पण स्वतःचा संताप त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ सरावाला जमला होता, आम्ही तिघंही कडेला होतो. संघाच्या प्रशिक्षक सरांनी अंतिम सामन्यासाठी दुसऱ्या, उंच मुलीचं नाव घेतलं. ही बुटकी खाली बसून पॅडचे पट्टे सोडायला लागली. मी सरळ मैदानात शिरले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "सर, तो गोल तिचा नाही, माझा आहे. मी तिला कन्नडमधून बाहेर बोलावलं."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. सरांनी तिला विचारलं, हे खरं का, आणि खरं असेल तर बोलली का नाहीस? ती उठून उभी राहिली. "गेले तर मीच की सर. पाय माझेच हुते."

सर काही लगेच विरघळले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. बाहेरून कुणी हाक मारली म्हणून रेषा सोडणारी गोलकीपर मी फायनलला कशी उभी करू, असं त्यांनी मलाच विचारलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग माझी खुर्ची उचला, तिला कशाला उचलता? उद्या मी मैदानात पाऊल टाकणार नाही, लिहून देते. तेवढ्यात ती म्हणाली, "बसू द्या सर त्यास्नी. वरडू द्या. आता मी न्हाय जायाची."

मग सरांनी त्या उंच मुलीला समजावून बाजूला घेतलं आणि हिला पॅड बांधायला सांगितलं.

अंतिम सामन्यात पूर्वार्ध कोरा गेला. काका माझ्याशी बोलत नव्हते, पण मध्यंतरात खुर्ची त्यांनी माझीही उचलली. उत्तरार्धात पुण्याच्या मुलींना पेनल्टी कॉर्नर मिळाला, चेंडू आमच्याच बॅकच्या स्टिकला लागून उडाला आणि आत गेला. त्यात कुठल्याही गोलकीपरचं काही चाललं नसतं. मग आमच्या सगळ्या पोरी बरोबरी साधायला पुढं धावल्या, आणि तिथूनच त्यांची एक फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटली. आमच्या अर्ध्यात चिटपाखरू नव्हतं. गप्प बसायचं ठरवून आलेली मी खुर्चीवरून उठले आणि सगळा जीव घशात आणून ओरडले, "होरग बरब्याड!" बाहेर येऊ नकोस.

ती निघाली. डीच्या टोकापर्यंत धावत गेली, आडवी पडली, आणि चेंडू तिच्या पॅडवर आपटून रेषेबाहेर गेला. मामा तेलुगूत काय काय बोलले देव जाणे. काकांनी हातातली टोपी जमिनीवर आपटली.

एक-शून्यनं हरलो. बाकीच्या पोरी रडत होत्या. ही मामांनी दिलेल्या टॉवेलला तोंड पुसत माझ्याकडं आली. तिचे डोळे लाल होते, पण मान ताठ होती. माझी हाक हिला ऐकूच गेली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. तरी विचारलं, मी ओरडले ते ऐकलंस का?

"आयकलं की काकू," ती म्हणाली. "पन चेंडू मला दिसत हुता."