उक्ती लाईट

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला शाळेतही कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतंच. ही वही लेकीची आहे, मागची पानं कोरी होती. कोणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्या. मला तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे.

आम्ही पाथर्डीत काकूंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो. काकू नात्यातल्या नाहीत, घरमालकीण आहेत. दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जायचो आणि लेक आजोळी राहायची. तिथल्या शाळेत अर्धं वर्ष, इथल्या शाळेत अर्धं. ती नववीत गेली तेव्हा मी ठरवलं की या वर्षी जायचं नाही. दोन शेळ्या विकून जुनी घरघंटी घेतली, गल्लीतल्या बायकांचं दळण घ्यायला. मुकादमाकडून हंगामाची आगाऊ उचल घेतली नाही. आमचे हे बाजार समितीत हमाली करू लागले. हिवाळा निघाला तर पोरीची शाळा एका जागी राहणार होती, नाहीतर पुन्हा कोयता होताच.

आमच्या खोलीला लाईट काकूंच्याच मीटरवरून होती. त्यांनी मध्ये एक छोटं मीटर बसवलेलं, पडवीच्या भिंतीवर, तुळशीच्या वर. त्यावर जेवढे युनिट फिरतील तेवढे पैसे आम्ही द्यायचे. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून आकडा माझी लेक वाचायची आणि काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची.

घरघंटी आली तसं काकू म्हणाल्या, "आता रोजचं दळण. दर महिन्याला हिशोब करत बसायचा मला कंटाळा येतो बाई. त्यापेक्षा उक्तं ठरवू. महिन्याला हजार द्यायचे, मग किती का जाळ."

आमच्याकडे शेतातलं काम असंच उक्तं घेतात. वावर केवढं ते बघायचं, एकदाच आकडा ठरवायचा, मग दोन दिवस लागोत नाहीतर चार.

मी दोन दिवस विचार केला. दळण आलं नाही तरी हजार जाणार होते. मीटरप्रमाणे दिलं तर कमी दळणाला कमी, पण दिवाळीच्या महिन्यात किती येईल याचा अंदाज नाही. हे म्हणाले, "उक्तं घे. हजार म्हंजे हजार. डोक्याला ताप न्हाई." ठरलेला आकडा आधी बाजूला काढता येतो, हे मलाही पटलं. मी उक्तं घेतलं.

दिवाळीत भाजणीचे डबे दारात रांगेने लागले. मला आनंद झाला. पण लेक सवयीने अजून आकडा लिहीत होती. महिना भरला तेव्हा ती म्हणाली, "आई, मीटरप्रमानं असतं तर साडेतेराशे झालं असतं."

मी तिला पुन्हा मोजायला लावलं. आयुष्यभर मी उक्तं काम घेणारीच होते. काम सोडून उभं राहिलं की मालक मागून फिरायचा आणि राहिलेलं दाखवायचा. तसंच माझ्याकडूनही काही राहिलंय असं मला वाटायला लागलं. वरचे साडेतीनशे काकूंच्या खिशातून गेले होते आणि त्या काही बोलत नव्हत्या.

दळण कमी करता येत नव्हतं, म्हणून मी बाकीचं कमी केलं. पंखा बंद केला. दिवेलागणीला बल्ब लावायचा नाही, चुलीच्या उजेडात भाकरी थापायची. लेक बाहेरच्या ओट्यावर खांबाच्या दिव्याखाली वही घेऊन बसायची. थंडी पडली तशी बाजरीची दळणं वाढली आणि दुसऱ्या महिन्यातही आकडा हजाराच्या वर दोनशे नव्वदने गेला. त्याच आठवड्यात मुकादमाचा फोन आला, "एक कोयता कमी हाय, जोडीनं येता का?" ह्यांनी "सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू दूध घेऊन येताना लेकीला ओट्यावर बघून थांबल्या. आत वाकून म्हणाल्या, "काय गं, अंधारात काय कोंबड्या राखतीयस का? बल्ब गेला?"

"न्हाई काकू. लाईट लई जळतीय."

"कुनाची?"

"तुमची."

"मग मी बोलले का कधी?"

"न्हाई. म्हनून तर."

काकू आत आल्या. मग दुधाची किटली खाली ठेवून त्यांनी स्वतः चाचपडत बटण लावलं. "तुला उक्तं देऊन मीच चुकले. पोरगी डोळे फोडून घेतीय आन् मी म्हनते भाडेकरू किती शहाणे. उद्यापासून मीटरप्रमानं. जेवढं जळंल तेवढं दे आन् सुखानं उजेडात बस."

"आन् मागच्या दोन म्हैन्यांचे वरचे सहाशे चाळीस?"

"सोड ते."

"न्हाई काकू. ते मी देनार."

"आगं बया, तोंड हाय की तुला!" म्हणत त्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी लेकीला बोलावून कॅलेंडरच्या कोपऱ्यात सहाशे चाळीस लिहायला लावलं.

त्यानंतर लाईटचं बिल जास्त आलं तरी मला भीती वाटली नाही, कारण जास्त बिल म्हणजे जास्त दळण. मुकादमाचा पुन्हा फोन आला तेव्हा ह्यांनी मला न विचारताच "यंदा न्हाई" म्हणून सांगितलं. मी दर महिन्याला बिलासोबत शंभर-दीडशे जास्त देत गेले आणि लेक कॅलेंडरवर वजा करत गेली. वर्ष बदललं तरी काकूंनी जुनं कॅलेंडर काढलं नाही, नव्याच्या खाली तसंच ठेवलं.

गुढीपाडव्यानंतर ऊसतोडीची माणसं गावी परतली. बंद घरं उघडली आणि रिकाम्या डब्यांची दळणं माझ्या दारात आली. त्या आठवड्यातच शेवटचे नव्वद रुपये जमले. मी ते काकूंच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले नाहीत. त्यांनी लेकीला जुन्या कॅलेंडरवरच्या आकड्यावर रेघ मारायला सांगितली आणि ते खिळ्यावरून उतरवलं. पैसे पुरे फिटले.