बिनफोडणीचं वरण

लेसर करून घे, हा हट्ट आईचा. माझ्या गालांवरचे खड्डे लहानपणच्या कांजिण्यांचे. आमच्या कवठे येमाईच्या घरात तेव्हा कांजिण्या म्हणजे देवी आलेली; दवाखाना नाही, औषध नाही, स्वयंपाकात फोडणी बंद आणि अंथरुणात कडुनिंबाचा पाला. मी खाजवून खाजवून फोड फोडले, ते खड्डे कायमचे राहिले. मला त्यांची सवय झाली होती, आईला नाही. कुणी माझ्या तोंडाकडे जरा निरखून बघितलं की तिचंच तोंड एवढंसं व्हायचं. "तवा दवाखान्यात न्हेलं असतं तर," एवढंच म्हणायची.

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं आधीच सांगितलं होतं. खड्डे उथळ होतील, पुसले जाणार नाहीत. चेहरा लाल होईल, खपल्या धरतील, त्या सोलायच्या नाहीत. उन्हात जायचं नाही. दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचं नाही, आपली कातडी चटकन काळी पडते. मी माना डोलावल्या. आई तेव्हा बाहेर बाकड्यावर बसली होती.

बधिर करायचं मलम लावूनही गरम तेलाचे शिंतोडे उडावेत तसं चटचटत होतं. खोलीत जळक्या केसांचा वास सुटला होता. दुसऱ्या दिवशी डोळे सुजले. मग गालभर बारीक तपकिरी ठिपके उठले आणि चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली.

त्या दुपारी वरणाला फोडणी नव्हती. चौकटीत कडुनिंबाचा डहाळा खोचलेला. मला आधी हसू आलं, मग संताप.

"आई, ही देवी न्हाई. मशीन हाय, मशीन!"

"व्हय गं बाय, कळतंय मला. पर डहाळ्यानं काय बिघडतंय?"

डहाळ्यानं काहीच बिघडलं नसतं. पण जेवून मी झोपले आणि गालांची आग होऊन उठले, तर आई उशाशी बसून वाटलेला पाला आणि हळद अगदी हलक्या हातानं लावत होती. मी तिचा हात झिडकारला. चेहरा धुताना खपल्याही निघून आल्या. खड्डे राहिले बाजूला, पुढं गालांवर काळे डाग दिसायला लागले. आगीतून फुफाट्यात. मला तिचा राग आला, खरा राग, आणि तो मी तिला दाखवलाही.

पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा आई आत माझ्या शेजारीच बसली.

"काही लावलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "उन्हात गेले होते."

"खोटं बोलतीय ती," आई म्हणाली. "म्या लावलं. तवाबी म्याच, आन् आताबी म्याच."

डाग बहुतेक जातील, वेळ लागेल, असं सांगून त्यांनी नवी ट्यूब दिली. येताना एसटीत आई पूर्ण रस्ताभर खिडकीला पदर धरून बसली, माझ्यावर ऊन येऊ नये म्हणून. माझा राग शिरूर सुटायच्या आधीच गेला होता.

घरी आल्यावर मी ट्यूब तिच्यापुढे धरली. "तूच लाव."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, परत धुतले. ट्यूबचं झाकण काढून ती माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात मागं घेतले.

"तुझं तू लाव बाय."