तहाच्या कागदाला हळदकुंकू

"अगं, हे काय केलंस!" गद्रे काका ओरडले आणि माझ्या हातातली कुंकवाची डबीच पडली, कडेवरचं पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं, आणि मला कळेना आधी पोराला बघू, डबी बघू का काकांच्या तोंडाकडं बघू. साडेआठ झालेले. नऊला त्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या, आणि मी त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ठेवलेलं! ओढणीनं पुसायला गेले तर म्हणाले, "पुसू नको, हळद आहे ती, आणखी पसरेल!"

काका दोह्यात, अल मन्सूरा भागात, आमच्या समोरच्या दारात राहायचे. नाशिकचे, साठीला आलेले, काकू तिकडंच, म्हणून सकाळचे पोहे आमच्याकडं. आमचे हे ज्या ऑफिसात मेंटेनन्सला, तिथंच काका करार लिहायला. एक मोठा देश आणि लांब समुद्रातली चार बेटं, त्यांचा तह चाललेला इथं. नावं काकांनी कधी सांगितली नाहीत. बेटांनी बंदर वापरू द्यायचं, देशानं दरवर्षी पैसे द्यायचे. भांडण एकच, नाही दिले तर?

"वरपक्ष, म्हणजे मोठा देश, म्हणतो, जमेल तसं देऊ," काका पोह्यातले शेंगदाणे वेचत सांगायचे. "मुलीकडचे म्हणतात, जामीन दाखवा. बरोबर आहे! शब्द द्यायला जीभ पुरते, पाळायला जामीन लागतो." मी आठवी नापास, पण हे मला लगेच कळायचं. माझ्या लग्नाच्या यादीत सासऱ्यांनी 'पाटल्यांचं पुढं बघू' असं लिहायला लावलं होतं. अजून बघतायत.

त्या दिवशी काका फाइल आमच्याकडं ठेवून शर्टाला इस्त्री करायला गेले. जाताजाता म्हणाले, "जामीन कबूल झालाय. सह्या होईपर्यंत वरपक्षानं फिरू नये, देवाला सांग." मी कागद देवापुढं ठेवला. आमच्याकडं यादी झाली की हळदकुंकू लागतं, त्याशिवाय कुठं पक्की होते? मी लावलं.

नवा कागद काढायला वेळ नव्हता, शिक्के ऑफिसातल्या साहेबाच्या कपाटात आणि साहेब मीटिंगला. "यल्ला, चला, होईल ते होईल," म्हणून काका तोच घेऊन गेले. मी दिवसभर पाणीसुद्धा प्याले नाही.

संध्याकाळी आले ते हसतच. मोठ्या देशाचा वकील म्हणे कागद हातात धरून वास घेत होता. काकांनी सांगितलं, "आमच्यात देणं-घेणं ठरलं की हे लावतात. मग शब्द फिरवता येत नाही." वकिलाचा चेहरा पडला. पण बेटांची म्हातारी पुढारीण खुर्चीतून उठलीच, "मग आमच्याकडच्या प्रतीला पण लावा, जामिनाच्या पानाला जरा जास्त!" झाल्या सह्या!

"आणि साहेब?"

"त्यानं विचारलं, कुणी केलं. मी म्हणालो, मी."

काकांचं काँट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. मला कळलं ते त्यांची बॅग दारात दिसली तेव्हा. मी रडायलाच लागले, म्हटलं, आत्ता जाते, सांगते साहेबाला. "गप बस," काका म्हणाले. "मी घरी चाललोय, बायकोच्या हातचं खायला. तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली तर तुम्ही तिघं कुठं जाणार?"

मी गेले नाही. ह्यांनाही सांगितलं नाही. काका लिफ्टमधून हात हलवत गेले आणि मी पोरगं घेऊन दारातच उभी. तुम्ही सांगा, तुम्ही असता तर गेला असता साहेबाकडं?