कालव्याकाठी ठेवलेले बाबांचे जोडे

आई दोन महिन्यांनी घराबाहेर पडायला तयार झाली, तेव्हा फार लांब न्यायचं नाही असं मी ठरवलं. जून २०२१. जिल्ह्याबाहेर जायची बंदी नुकतीच उठली होती. डब्लिनजवळच्या आमच्या ल्यूकनहून मलिंगार गाव गाडीने तासाभराचं. तिथली रॉयल कालव्याकाठची वाट सपाट आहे, तिकीट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. छत्री मात्र घ्याच, ऊन असलं तरी.

आईच्या कापडी पिशवीत थालीपीठं होती. त्यांच्याखाली काय होतं ते मला तिथे जाऊन कळलं.

आई कराडहून आली २०२० च्या जानेवारीत, सहा महिन्यांसाठी; बाबा तिकडेच राहिले. येताना बाबांच्या पायाच्या मापाची सुतळी घेऊन आली होती. त्या मापाने ब्लँचर्डस्टाउनच्या दुकानात तिने तपकिरी जोडे घेतले आणि मग लॉकडाउनमध्ये जोड्यांसकट अडकली. २०२१ च्या मार्चमध्ये परतीचं तिकीट मिळालं होतं. ते मी पुढे ढकललं. "तिकडे केसेस वाढतायत, इथेच सुरक्षित आहेस," म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! एप्रिलमध्ये बाबा एकटेच गेले. आईने अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. तिकिटाबद्दल मला एका शब्दाने बोलली नाही, आणि ते मला सहन होत नव्हतं.

या वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांचे ब्राँझचे जोडे बसवलेत. १८४७ साली, बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळात, जमीनदाराने घराबाहेर काढलेली कुटुंबं इथून चालत गेली होती.

"कुटं निगाली हुती?" आईने विचारलं.

"डब्लिनला. मग जहाजाने कॅनडाला."

"आन् पोचली?"

"बरीच नाही पोचली."

आई वाकली. पिशवीतून बाबांचे जोडे काढून तिने त्या चिमुकल्या जोड्यांशेजारी नीट ठेवले. "बाराव्याला जोडं द्याचं असत्यात. तकडं दिरानं कसलं तरी दिलं. ह्ये मी ह्यांच्यासाठी घेतल्यालं. जाऊ देत कुनाच्या तरी पायात."

पुढे एका बाकावर बसून आम्ही थालीपीठं खाल्ली. आईने चक्क दोन खाल्ली. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात मागून एक पिकल्या केसांचे गृहस्थ सायकल दामटत आले, हँडलला बाबांचे जोडे. "सॉरी नाऊ, लेडीज! यू लेफ्ट युअर शूज!" धापा टाकत म्हणाले, "ग्रँड शूज, ब्रँड न्यू!"

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारी मी, तोंडातून निघालं, "थँक्यू सो मच." ते हात हलवून निघूनही गेले.

आईने जोडे मांडीवर घेतले. "द्याचं बी जमंना," म्हणाली. मग कालव्याकडे बघत, आवाज न चढवता, "तवा मला जाऊ द्याचं हुतंस, पोरी."

मी पिशवी उचलली आणि आम्ही गाडीकडे निघालो.

वाट सुंदर आहे, जरूर जा. माझ्याने पुन्हा जाववणार नाही.

आईचं तिकीट जुलैचं होतं. बॅग भरताना तिने जोडे बाहेरच ठेवले. मी म्हटलं, "आई, हे राहिले."

"राहू देत तुज्यापशी," ती म्हणाली.

आठ नंबरचे आहेत. आमच्या घरात कुणालाच होत नाहीत.