उंच टाकी

सहाव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी माझा नवरा सुहास खिडकीजवळचा कोपरा मोजू लागला. तिथे पाळणा ठेवायचं ठरलं होतं. आता त्याला समुद्रघोडे पाळायचे होते. टाकी रुंद नको, उंच हवी, म्हणाला. पाण्याला जोर नको, कारण ते पोहण्यात अगदीच कच्चे असतात. मी पलंगावर बसून ऐकत होते. मला काहीच वाटत नव्हतं.

कागदावर टाकी काढता काढता तो म्हणाला, "यांच्यात पिल्लं नर पोटात वाढवतो."

"बरं."

त्याची पेन्सिल थांबली. "आपल्यात तसं असतं, तर तुला हे सोसावं लागलं नसतं."

इतके दिवस सगळे मलाच विचारत होते, आता कसं वाटतंय. त्याला कुणी विचारलं नव्हतं; मीही नाही. दुःख शरीराने सोसलं तरच ते आपलं, असं आपण किती सहज धरून चालतो.

समुद्रघोडे घरी ठेवायला कायद्याने मनाई आहे, हे आम्हाला पुढे कळलं. त्या दुपारी मला रडू आलं नाही. मी नुसती सरकले आणि म्हणाले, "ये, बस इथे."